केसगळती : आधी कारण शोधा, मग बाटली उघडा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. बुरशीजन्य संसर्गाचीही शंका घेतली गेली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने गावात येऊन नमुने घेतले. महाडचे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिप्रमाणाकडे बोट दाखवले. तोवर गावकऱ्यांना हेटाळणी सोसावी लागली. तरुण मुलामुलींना बाहेर पडण्याची लाज वाटू लागली.

या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. केसगळती हा एक आजार नाही. ते लक्षण आहे, आणि त्याची कारणे अनेक आहेत. वस्त्यांमध्ये काम करताना मात्र आम्हाला उलटाच क्रम दिसतो. आधी जाहिरातीतले तेल, मग महागडा शाम्पू, मग कुणीतरी सांगितलेला लेप आणि डॉक्टर सर्वात शेवटी.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले रोज ५० ते १०० गळणे नैसर्गिक आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, काही महिने थांबतो, गळतो आणि त्याच जागी नवा येतो. हे चक्र बिघडले की केस विरळ होतात. प्रौढांमध्ये त्याचे तीन प्रकार जास्त दिसतात.

पहिला, आनुवंशिक टक्कल. पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे मागे सरकतात, टाळू उघडी पडते. स्त्रियांमध्ये भांग रुंदावतो. पुरुषांमध्ये डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळे हळूहळू बारीक होत जातात. हा गुण आईकडून किंवा वडिलांकडून, कुणाकडूनही येऊ शकतो. हेल्मेट किंवा टोपी वापरल्याने असे टक्कल पडत नाही. यावर मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचे औषध उपयोगी ठरते. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात. सुरुवातीला गळती थोडी वाढू शकते. औषध बंद केले की मिळालेला फायदाही जातो. पुरुषांसाठी फिनास्टेराइडच्या गोळ्या आहेत, पण काहींना त्याने लैंगिक तक्रारी किंवा नैराश्य येऊ शकते, म्हणून डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत. गरोदर स्त्रियांसाठी त्या धोकादायक आहेत.

दुसरा, शरीराला बसलेल्या धक्क्यानंतरची गळती. टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून केलेले डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळू लागतात. मध्ये इतका काळ गेल्याने संबंध लक्षात येत नाही. बहुतेकांचे केस काही महिन्यांत पूर्ववत होतात. रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकारही केस गाळतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवणाऱ्या बाईचे केस गळत असतील, तर तिला तेलाआधी हिमोग्लोबिनच्या तपासणीची आणि पोटभर सकस जेवणाची गरज आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

तिसरा प्रकार म्हणजे चाई. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो. लोक म्हणतात, किड्याने केस खाल्ले. तसे काही नसते. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई संसर्गजन्य नाही, त्यामुळे कुणाचा कंगवा किंवा अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही. लसूण किंवा रसायने चोळल्याने कातडी भाजते. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. लहान चट्टे अनेकदा आपोआपही भरतात.

काही लक्षणे दिसल्यास मात्र थांबू नये. टाळूवर पू, खपल्या, वेदना किंवा व्रण असतील तर लगेच दवाखान्यात जावे, कारण व्रण पडलेल्या जागी केस पुन्हा येत नाहीत. एकाच गावात किंवा वस्तीत काही दिवसांत अनेकांचे केस गळू लागले, तर कार्यकर्त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला तातडीने लेखी कळवावे. धान्य आणि पाण्याचे नमुने तपासण्याची मागणी करावी.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची 'जे'मध्ये टक्कल हा विकार नोंदवलेला आहे. याचा अर्थ, टक्कल बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. तरीही असे दावे सर्रास केले जातात. लग्न ठरेपर्यंत केस यावेत म्हणून पोरे उसनवारी करून हे उपचार घेतात. अशी जाहिरात दिसली की तिचा फोटो काढा, पावती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. आणि टक्कल पडलेल्या मित्राची थट्टा करणे आजपासून बंद करा. या बाजाराला गिऱ्हाईक त्या थट्टेतूनच मिळते.