वरिष्ठांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी आणि नुकसानभरपाई

कामाच्या ठिकाणी मालक, संस्थाचालक, विभागप्रमुख किंवा वरिष्ठ अधिकारी यांच्याकडून लैंगिक छळ झाल्यास पीडित महिलेने करावयाची तक्रार आणि तिला मिळू शकणारी नुकसानभरपाई यांचे नियमन भारतात प्रामुख्याने महिलांचे कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ या कायद्याने होते. हा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती कार्यालयाचा कारभार असल्यास दाद कोणाकडे मागायची, हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. मोठ्या शहरातील कंपनीपेक्षा भातकुलीसारख्या (जि. अमरावती) तालुक्याच्या गावात तो अधिक तीव्रतेने जाणवतो.

पार्श्वभूमी

राजस्थानातील भंवरीदेवी या साथिन कार्यकर्तीवर १९९२ मध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या निकालात न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा मार्गदर्शक तत्त्वे’ घालून दिली. या तत्त्वांची अंमलबजावणी होत नसल्याची बाब पुण्यातील ‘आलोचना’ या संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयापुढे नेली. त्यांच्या पत्रालाच याचिकेचे रूप देण्यात आले आणि १९ ऑक्टोबर २०१२ रोजी तिचा निकाल लागला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा केला.

विशाखा निकालाच्याही आधीचे, अत्युच्च पदावरील व्यक्तीविरुद्धचे गाजलेले प्रकरण म्हणजे रूपन देओल बजाज विरुद्ध के. पी. एस. गिल. बजाज या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी होत्या, तर गिल पंजाबचे पोलीस महासंचालक होते. घटना १९८८ ची. उच्च न्यायालयाने रद्द केलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पुन्हा जिवंत केला, १९९६ मध्ये गिल दोषी ठरले आणि अंतिम निकाल २००५ मध्ये आला. भरपाईची रक्कम घेण्यास बजाज यांनी नकार दिला. स्वतः सनदी अधिकारी असलेल्या स्त्रीला सतरा वर्षे लागली, ही गोष्ट कंत्राटी परिचारिकेच्या किंवा शिक्षणसेविकेच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

तक्रार कोणाकडे करावी

दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. वरिष्ठ पदावरील महिला तिची अध्यक्ष असते, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. मात्र ही समिती नेमतो तो नियोक्ताच. खासगी शिक्षणसंस्थेत अध्यक्ष किंवा सचिव यांच्या सहीनेच नेमणुका, मान्यतेचे प्रस्ताव आणि बदल्या होत असतील, तर त्याच संस्थेतील शिक्षिकांची समिती अध्यक्षांची चौकशी कितपत मोकळेपणाने करील, ही शंका रास्त आहे.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे. तक्रार खुद्द नियोक्त्याविरुद्ध असेल, किंवा कर्मचारी दहापेक्षा कमी असल्याने अंतर्गत समितीच नसेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ग्रामीण भागात प्रत्येक तालुक्यासाठी एक नोडल अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांच्या आत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. म्हणजे भातकुली तालुक्यातील एखाद्या दवाखान्यात, दुकानात किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्या महिलेला पहिल्या पायरीसाठी अमरावतीला जावे लागू नये, अशी कायद्याची योजना आहे. ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. कंत्राटी, रोजंदारी, प्रशिक्षणार्थी आणि मानधनाविना काम करणाऱ्या महिलाही तीत येतात. घरकामगार महिलांनाही हे संरक्षण आहे.

ही साखळी पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधी मे २०२३ मध्ये आणि पुन्हा ३ डिसेंबर २०२४ रोजी जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या व तालुक्यांतील नोडल अधिकारी नेमण्याबाबत राज्यांना निर्देश दिले. कायदा येऊन तोवर अकरा वर्षे लोटली होती.

हरिसाल प्रकरण

अमरावती जिल्ह्यात वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचा प्रश्न मार्च २०२१ मध्ये ऐरणीवर आला. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च रोजी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रांत त्यांनी उपवनसंरक्षक दर्जाच्या वरिष्ठावर छळाचे आरोप केले होते. त्याच्याही वरच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडूनही दखल घेतली गेली नाही, असेही त्यांनी लिहिले होते. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदवून उपवनसंरक्षकास अटक झाली, तर वरच्या अधिकाऱ्यास निलंबित करण्यात आले. हे प्रकरण फौजदारी कायद्याखाली गेले. २०१३ च्या कायद्याशी त्याचा संबंध जोडला जातो तो तक्रारीच्या मार्गामुळे. पदसोपानातील वरिष्ठाविषयीची तक्रार त्याच सोपानातून वर गेली की काय होऊ शकते, हे त्यातून दिसले.

चौकशी आणि मुदत

घटनेपासून, किंवा घटना एकापेक्षा अधिक असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. समिती कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी आणि शिफारशींवर साठ दिवसांत कारवाई व्हावी, असे बंधन आहे. चौकशी चालू असताना महिलेची बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तिचा गोपनीय अहवाल प्रतिवादीने न लिहिता दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, अशी शिफारसही समिती करू शकते. वरिष्ठाविरुद्धच्या तक्रारीत ही तरतूद विशेष मोलाची ठरते.

मुदतीचा फटका कसा बसतो, याचे उदाहरण कोलकात्यातील राष्ट्रीय विधी विद्यापीठात घडले. कुलगुरूंविरुद्ध एका प्राध्यापिकेने डिसेंबर २०२३ मध्ये केलेली तक्रार स्थानिक समितीने मुदतबाह्य ठरवली, कारण शेवटची घटना एप्रिलमधली होती. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२५ रोजी तो निष्कर्ष कायम ठेवला. मात्र हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग राहील, असा आदेशही दिला.

घाईचा धोका उलट बाजूने आहे. वर उल्लेखिलेल्या गोव्याच्या प्रकरणात विद्यापीठातील विभागप्रमुखाला बडतर्फ करण्यात आले होते. परंतु समितीने मे २००९ मध्ये मोजक्या दिवसांत लागोपाठ बैठका उरकल्या आणि बचावाची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा करण्यास सांगितले. विद्यार्थिनींच्या तक्रारींना चौदा वर्षे होऊन गेली होती.

नुकसानभरपाई

कलम १५ नुसार भरपाई ठरवताना पाच बाबी पाहिल्या जातात: मानसिक आघात व यातना, हुकलेली नोकरीतील संधी, शारीरिक वा मानसिक उपचारांचा खर्च, प्रतिवादीचे उत्पन्न व आर्थिक स्थिती, आणि रक्कम एकरकमी द्यावी की हप्त्यांनी. कायद्यात किमान किंवा कमाल आकडा नाही. चौथ्या बाबीमुळे एकाच स्वरूपाच्या छळासाठी कारकुनापेक्षा व्यवस्थापकीय संचालकाला अधिक रक्कम द्यावी लागू शकते.

ही रक्कम प्रतिवादीच्या पगारातून कापून पीडितेला किंवा तिच्या वारसांना दिली जाते. प्रतिवादीने नोकरी सोडली असल्यास त्याने ती स्वतः भरावी, असा निर्देश देता येतो. तरीही न भरल्यास ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यासाठी आदेश जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार अशा वसुलीत मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती व विक्री आणि स्थावर मालमत्तेची विक्री हे मार्ग खुले असतात. शेतसारा थकवणाऱ्या खातेदाराविरुद्ध महसूल खाते वापरते तीच ही यंत्रणा. प्रतिष्ठित थकबाकीदाराला तहसील कार्यालयाची नोटीस कित्येकदा समितीच्या अहवालापेक्षा अधिक झोंबते.

परदेशी पद्धत याहून वेगळी आहे. इन्फोसिसचे तत्कालीन ज्येष्ठ अधिकारी फणीश मूर्ती यांच्याविरुद्ध अमेरिकेत एका माजी कर्मचारी महिलेने दावा लावला. तो २००३ मध्ये ३० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. ही रक्कम कंपनी व विमा कंपन्यांनी मिळून भरली. भारतीय कायद्यात महिलेच्या विनंतीवरूनच समेट करता येतो आणि पैसा हा त्याचा आधार असू शकत नाही. कलम १५ खालील भरपाईचा भारही कंपनीवर नसून छळ करणाऱ्यावर आहे. समिती न नेमणाऱ्या नियोक्त्याला मात्र ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो. गुन्हा पुन्हा घडल्यास दंड दुप्पट होतो आणि परवानाही रद्द होऊ शकतो.

समितीकडे गेल्याने पोलिसांत जाण्याचा हक्क संपत नाही. लैंगिक छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असे २०१३ च्या कायद्याचे कलम १४ स्पष्ट करते. समितीच्या शिफारशींविरुद्ध दोन्ही पक्षांना नव्वद दिवसांत अपील करता येते.