आळशी डोळा : उशिराची मोजदाद

माध्यमिक शाळेच्या व्हरांड्यात तपासणीचे पथक येते, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लागतो आणि आठवीतला एखादा मुलगा उजवा डोळा झाकताच दुसऱ्याच ओळीवर अडखळतो. भिंग लावून पाहिले तरी अक्षरे स्पष्ट होत नाहीत. आपला एक डोळा अधू आहे, हे त्याला तेरा वर्षांत कळलेले नसते. चांगल्या डोळ्याने ते कधी जाणवूच दिलेले नसते. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. नाव तसे अन्यायाचेच. डोळा बहुधा धड असतो. परंतु तिरळेपणामुळे किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावतीमुळे मेंदूने बालपणीच त्याचे चित्र नाकारलेले असते.

हा दोष किती मुलांत आढळतो? निरनिराळ्या देशांतील बहुतेक पाहण्यांचे उत्तर शेकडा एक ते पाच असे आहे. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत निदान दहा. आपल्या देशातील दोन पाहण्या २००२ साली प्रसिद्ध झाल्या. दिल्लीत अधू ठरलेल्या डोळ्यांपैकी ४.४ टक्के डोळ्यांत हे कारण निघाले, तर महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १२ टक्के. यावरून खेड्यात हा दोष जवळजवळ तिप्पट, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. शहरात चष्म्याची गरज असलेली मुले अधिक. त्यामुळे टक्केवारीचा छेदच मोठा होतो.

माध्यमिक शाळेतील हा आकडा वस्तुतः थकबाकीचा आहे. योग्य चष्मा देणे आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून अधू डोळ्याला कामाला लावणे, हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वाधिक फळतो. तथापि त्यानंतर सारेच संपले, हा समजही खरा नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, पूर्वी उपचार न झालेल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना पट्टीने तक्त्यावरील दोन ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. नुसत्या चष्म्याने हा लाभ पाचांतल्या एकालाच झाला. तेव्हा आठवीतल्या मुलाला ‘आता उशीर झाला’ म्हणून परत पाठविणे सर्वस्वी चूक होय.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, अशी योजना आहे. अक्षरओळख नसलेल्या मुलाचीही चित्रे वा खुणा दाखवून दृष्टी मोजता येते. अडचण पुढेच आहे. पट्टीला खर्च नगण्य. पण मूल ती ओरबाडून काढते, आईला महिनोन् महिने पहारा करावा लागतो आणि इस्पितळाच्या दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. हा खर्च सरकारी हिशेबात कोठेच दिसत नाही. मध्यम दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असे २००३ मधील चाचणीत आढळले आहे. दोन तास तर मूल अंगणवाडीतच असते. सेविकेच्या देखरेखीखाली ती तेथेच बांधता येईल.