मोजण्यापूर्वी ऐकावे

मूल गावाहून पूर्वेकडे निघालेला रस्ता सावली ओलांडून, वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीस जातो. तेथून पुढे धानोऱ्याच्या वाटेवर, बांबूच्या रानालगत, मेंढा नावाचे गोंड लोकांचे एक लहानसे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाशी जोडून लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. घरे जेमतेम शंभराच्या आसपास. परंतु या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. त्याचे एक मोठे कारण म्हणजे तेथील निर्णय घेण्याची रीत.

मेंढ्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. नव्व्याण्णव जण एका बाजूस असले आणि एकाच्या मनात शंका असली, तरी निर्णय थांबतो. शंका ऐकून घेतली जाते, तिच्यावर चर्चा होते. उलगडा न झाल्यास विषय पुढील बैठकीवर जातो. एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणासही वाटेल. हात वर करावयास सांगावे, ते मोजावे आणि मोकळे व्हावे!

एका वर्गाची कल्पना करावी. वर्गात ४० मुले आहेत. सहल ताडोब्यास न्यावी की सोमनाथच्या धबधब्यास, असा प्रश्न निघतो. गुरुजी हात वर करण्यास सांगतात. पुढच्या बाकावरील चौघांचे हात ताडोब्यासाठी झटकन वर जातात. मागची मुले क्षणभर इकडेतिकडे पाहतात आणि मग एकामागून एक ३५ हात वर होतात. त्यांत एक हात अशा मुलाचा असतो, की ज्याच्या घरी ताडोब्याचा खर्च झेपणारा नाही. एकटे पडण्याच्या संकोचाने त्याने तो वर केलेला असतो. मोजणी बिनचूक झाली; परंतु त्या मुलाचे खरे मत तीत आलेच नाही.

हा संकोच मनुष्यमात्राच्या ठायी आहे. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही रेषांपैकी कोणती रेष दिलेल्या रेषेएवढी आहे, एवढेच सांगावयाचे होते. उत्तर उघड दिसत होते. परंतु गटातील बाकीच्या सर्वांना मुद्दाम चुकीचे उत्तर देण्यास शिकविलेले होते. त्यांचे ऐकून, ज्याची परीक्षा चालली होती त्यानेही सुमारे एक तृतीयांश वेळा चुकीचेच उत्तर दिले! मात्र गटात एकजण जरी खरे बोलला, तरी अशा चुका फार कमी होत. उत्तर न बोलता कागदावर लिहावयास सांगितले, तरीही त्या घटत.

गुप्त मतदानाचे महत्त्व यावरून कळते. इंग्लंडात पूर्वी मतदारास आपले मत सर्वांसमक्ष सांगावे लागे आणि जमीनदाराच्या धाकाने कुळाचे तोंड बांधले जाई. १८७२ साली तेथे गुप्त मतदान सुरू झाले. भारतात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हीच पद्धत होती. मतपेटी दुर्बलास अभय देते. परंतु तिच्यातून केवळ संख्या बाहेर येते, कारणे येत नाहीत. आपल्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर पाचांऐवजी सहा मते सोमनाथला पडली असती. तथापि खर्चाची अडचण कोणास कळली नसती.

मेंढ्याच्या लोकांनी या अडचणीवर आपल्या परीने उपाय शोधला. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, तसेच चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासातून तेथे अभ्यासगट उभा राहिला. अभ्यासगटात केवळ विचारविनिमय होतो. निर्णय ग्रामसभेत होतो. त्यामुळे अभ्यासगटात हारजीत नसते आणि शंका विचारणाऱ्यास कोणी विरोधक समजत नाही. दारूबंदीचा प्रश्न असाच बोलून बोलून सुटला. दारू बंद व्हावी, ही स्त्रियांची मागणी होती. देवकार्यात दारू लागते, ही काहींची अडचण होती. शेवटी देवकार्यापुरती सूट ठेवून बंदी ठरली. अडचण ऐकली गेल्यामुळे निर्णय सर्वांचा झाला.

अशा एकजुटीच्या बळावर २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे.

सर्वसहमतीलाही मर्यादा आहेत. तिला वेळ फार लागतो. शिवाय मौन म्हणजे संमती असे मानले, तर दबलेला माणूस तेथेही दबलेलाच राहतो. लाखो मतदारांच्या निवडणुकीत तर मोजणीवाचून गत्यंतर नाही.

परंतु वर्गात, घरात वा गावात, जेथे माणसे एकमेकांना ओळखतात, तेथे मोजण्यापूर्वी ऐकणे शक्य असते. ‘खर्च सर्वांना झेपेल काय?’ हा प्रश्न त्या वर्गात कोणीही विचारू शकला असता. तो विचारण्यास त्या मुलाचीच गरज नव्हती. असा एक प्रश्न वेळेवर निघाला, म्हणजे गप्प बसलेल्या दुसऱ्या कोणाला तरी बोलण्याचा धीर येतो.