जाहिरातींस अटकाव : सोय आणि जबाबदारी

जाहिरात ही काही नवी गोष्ट नव्हे. औषधे, सुगंधी तेले, नाटकांचे प्रयोग व नवी पुस्तके यांच्या जाहिराती वाचीतच वृत्तपत्रांच्या वाचकांच्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. परंतु छापील जाहिरातीचा एक गुण असा की, ती आपली जागा सोडीत नाही. पान उलटले म्हणजे ती मुकाट्याने मागे राहते. वाचक कोण, कोठला, काल त्याने काय वाचले, याची ती चौकशी करीत नाही. संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावरील जाहिरातीची गोष्ट निराळी. ती लेखावर येऊन बसते, न विचारता बोलू लागते, आणि वाचक तिच्याकडे पाहत असता ती वाचकाकडे पाहत असते. ह्या उपद्रवावर जो उपाय निघाला त्यास ‘ॲडब्लॉकर’ म्हणतात. मराठीत त्यास जाहिरातरोधक म्हणण्यास हरकत नाही. तो कसा चालतो, वापरणारांस त्याचे कोणते अनुभव आले, आणि त्यावर कितपत विसंबावे, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम रोग, मग औषध. अमेरिकेतील ‘हॉटवायर्ड’ हे संकेतस्थळ २७ ऑक्टोबर १९९४ रोजी सुरू झाले. त्यावर ए. टी. अँड टी. ह्या टेलिफोन कंपनीची पट्टीसारखी जाहिरात होती. अशा जाहिरातींच्या आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते. पुढे थोड्याच वर्षांत स्वतंत्र खिडकी उघडून समोर येणारी जाहिरात निघाली. एका मोटार कंपनीस आपली जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकलेली दिसली, तेव्हा मजकूर व जाहिरात वेगळी ठेवावी म्हणून ‘ट्रायपॉड’ ह्या संस्थेतील ईथन झुकरमन यांनी ही युक्ती योजिली. हेतू वाईट नव्हता. परंतु परिणाम असा झाला की, २०१४ साली झुकरमन यांनी लेख लिहून जगाची क्षमा मागितली.

आता रोधकाचे कार्य पाहू. पडद्यावर दिसणारे पान एकसंध भासते; वस्तुतः ते अनेक तुकड्यांचे असते. मजकूर एका ठिकाणाहून येतो, चित्रे दुसऱ्या ठिकाणाहून, आणि जाहिराती व वाचकाचा माग ठेवणारी साधने भलत्याच कंपन्यांच्या संगणकांवरून येतात. प्रत्येक तुकड्यासाठी ब्राउझर एकेक मागणी धाडीत असतो. रोधक ह्या मागण्यांच्या वाटेवर उभा राहतो. त्याजपाशी एक यादी असते. मागणी तीतील पत्त्याशी जुळली की तो ती रोखतो. जो भाग अशा रीतीने अडविता येत नाही, तो पडद्यावर दिसू नये एवढी व्यवस्था करितो.

ह्या साधनाचा उगम डेन्मार्कमधील हेन्रिक ऑस्टेड सॉरेन्सन यांनी २००२ साली केलेल्या ‘ॲडब्लॉक’मध्ये आहे. प्रारंभी कोणत्या पत्त्यांस अटकाव करावयाचा हे वापरणारानेच लिहून द्यावे लागे, व हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. २००५ साली रिक पेटनेल यांनी ‘ईझीलिस्ट’ नावाची सामाईक यादी सुरू केली, आणि २००६ साली व्लादिमिर पालांट यांनी ‘ॲडब्लॉक प्लस’ नव्याने रचून अशा याद्या आपोआप ताज्या होण्याची सोय केली. पेटनेल २००९ साली वारले. परंतु त्यांची यादी इतरांनी पुढे चालविली, व तीत आज हजारो नियम आहेत. भारतीय भाषांतील संकेतस्थळांसाठीही पुरवणी यादी तयार झाली.

वापरणारांचा पहिला अनुभव बहुधा सुखाचा असतो. पान लवकर उघडते व डोळ्यांस शांतता लाभते. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये मोबाईलवर काही वृत्तसंकेतस्थळांची परीक्षा घेतली, तेव्हा ‘बोस्टन डॉट कॉम’चे मुखपृष्ठ जाहिरातींसह उघडण्यास सुमारे ३९ सेकंद लागले, रोधक लाविल्यावर तेच ८ सेकंदांत उघडले. जेथे मोबाईलचा डेटा मोजून विकत घ्यावा लागतो, तेथे हा फरक केवळ वेळेचा नसून पैशाचाही होय.

दुसरा लाभ सुरक्षिततेचा. संकेतस्थळाचे चालक आपल्या पानावर नेमकी कोणती जाहिरात येणार हे पुष्कळदा जाणत नाहीत. ती जागा मध्यस्थांमार्फत क्षणात विकली जाते. मार्च २०१६ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ व ‘बी. बी. सी.’ यांसारख्या प्रतिष्ठित संकेतस्थळांवरही अशा मार्गाने दूषित जाहिराती शिरल्या, आणि त्यांतून संगणकातील कागदपत्रे कुलुपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम पसरविण्याचा प्रयत्न झाला. डिसेंबर २०२२ मध्ये तर अमेरिकेच्या एफ. बी. आय. ह्या तपाससंस्थेने, ठक लोक नामांकित कंपन्यांच्या नावे खोट्या जाहिराती देत आहेत असे बजावून, इंटरनेटवर शोध घेताना जाहिरातरोधक वापरण्याचा सल्ला नागरिकांस दिला.

तथापि अनुभवाची दुसरी बाजूही आहे. यादी ती यादीच. तिला विवेक नसतो. कधी अर्जाच्या पानावरील शेवटचे बटण नाहीसे होते, कधी पैसे भरण्याचे पान अर्ध्यावर अडते, कधी चलच्चित्र सुरूच होत नाही. आणि वापरणारा संकेतस्थळास दोष देत बसतो. अशा वेळी त्या स्थळापुरता रोधक थांबवून पान पुन्हा उघडावे, म्हणजे दोष कोणाचा हे तत्काळ कळते. शिवाय काही स्थळे रोधक ओळखून दार लावून घेतात. २०२३ साली ‘यूट्यूब’ने रोधक वापरणारांस इशारे दिले, व काहींची चित्रे बंदही केली. मग यादी राखणारे नियम बदलीत आणि ‘यूट्यूब’ आपली रीत बदली. सकाळी चालणारे साधन संध्याकाळी चालेना, असा तो लपंडाव होता.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न राखणदाराच्या सचोटीचा आहे. रोधकास आपले काम करावयाचे तर वापरणारा जी जी पाने उघडतो ती वाचण्याची व बदलण्याची मुभा त्यास बहुधा द्यावी लागते. म्हणजे चोरांच्या भयाने ज्यास दारी बसविले, त्याच्याच हाती घराच्या किल्ल्या येतात. २०१७ साली ‘ॲडब्लॉक प्लस’चे नाव धारण केलेला एक तोतया खुद्द गूगल क्रोमच्या दुकानात शिरला व हजारो लोकांनी तो घेतला. ‘नॅनो ॲडब्लॉकर’ हा चांगला म्हणून नावाजलेला रोधक; ऑक्टोबर २०२० मध्ये तो दुसऱ्या मंडळींच्या हाती गेला, आणि लवकरच त्यात वापरणारांची माहिती परस्पर बाहेर धाडणारा भाग आढळला. नाव तेच, चिन्ह तेच, धनी मात्र निराळा!

उघड व्यवहारांतही मतभेद झाले. ‘ॲडब्लॉक प्लस’च्या चालकांनी २०११ च्या अखेरीस सौम्य, न हलणाऱ्या, मजकुरावर न येणाऱ्या जाहिरातींस वाट देण्याचे धोरण स्वीकारले. लहान प्रकाशकांस ही सवलत फुकट; मोठ्या कंपन्यांकडून मात्र शुल्क घेण्यात येऊ लागले. हे धोरण आरंभापासूनच चालू असे, व नको असल्यास वापरणाराने ते स्वतः बंद करावयाचे. काहींस हा समंजस तोडगा वाटला. काहींस हा राखणदाराने वाटसरूंकडून घेतलेला जकातीचा पैसा वाटला. रेमंड हिल यांच्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ने अशी सवलत ठेविली नाही, आणि हिल यांनी देणग्याही स्वीकारल्या नाहीत. परंतु येथेही नावाचा घोटाळा आहे. त्यांनी २०१४ साली काढलेला ‘यूब्लॉक’ २०१५ साली दुसऱ्यांकडे सोपविला, व स्वतः ‘यूब्लॉक ओरिजिन’ ह्या नावाने काम चालू ठेविले. पुढे नुसता ‘यूब्लॉक’ निराळ्या धन्याकडे गेला, आणि २०१९ पासून त्यात सवलतीच्या जाहिराती दिसू लागल्या.

आता ज्यांच्या पोटाचा हा प्रश्न, त्यांची बाजू. वाचकाकडून पैसा न घेता बातमी, लेख, शिक्षणाचे साहित्य देणारास जाहिरातीवाचून दुसरे उत्पन्न फारसे नसते. मार्च २०१० मध्ये ‘आर्स टेक्निका’ ह्या अमेरिकन संकेतस्थळाने रोधक वापरणारांस सुमारे बारा तास मजकूर दिसू दिला नाही, आणि मग संपादकांनी आपली अडचण वाचकांपुढे मांडिली. काही वाचक रागावले. परंतु आपल्या करणीने कोणाचे नुकसान होते हे ठाऊकच नव्हते, असे म्हणून कित्येकांनी त्या स्थळापुरता अटकाव उठविला. २०१५ साली मार्को आर्मेंट यांनी आयफोनसाठी ‘पीस’ नावाचा रोधक विकावयास काढिला. तो खपात पहिला आला असतानाच दोन दिवसांत त्यांनी तो मागे घेतला. कारण त्याचा घाव चांगल्या व वाईट जाहिरातींवर सारखाच पडतो, हे त्यांच्या मनास लागले.

कायद्याने काय म्हटले? जर्मनीत ‘आक्सेल श्प्रिंगर’ ह्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने ‘ॲडब्लॉक प्लस’च्या चालकांवर दावा लाविला. १९ एप्रिल २०१८ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की, हा व्यवहार अनुचित स्पर्धा ठरत नाही. जाहिरात अडवावी की नाही हे अखेर वापरणारा ठरवितो, आणि त्यास मजकूर नाकारण्याची मुभा प्रकाशकासही आहे, असा त्या निकालाचा आशय होता. अर्थात न्यायालयाने हक्क सांगितला. कर्तव्य ज्याचे त्याने ओळखावयाचे.

ह्या हक्कासही ब्राउझर बनविणाऱ्या कंपनीची मर्यादा पडू शकते. क्रोमने विस्तारांसाठी नवी नियमावली आणिली. तीत रोधकाने प्रत्येक मागणी स्वतः न तपासता आपले नियम आधी ब्राउझरच्या स्वाधीन करावयाचे असतात. २०२४ व २०२५ ह्या वर्षांत जुन्या पद्धतीचे विस्तार क्रोममध्ये बंद करण्यात आले. वापरणारांस ‘यूब्लॉक ओरिजिन’ची सौम्य आवृत्ती घ्यावी लागली, किंवा जुनी सोय राखणाऱ्या फायरफॉक्सकडे वळावे लागले. गूगलचे मोठे उत्पन्न जाहिरातींचेच असल्यामुळे ह्या बदलाविषयी पुष्कळांच्या मनात शंका राहिली. कंपनीने मात्र सुरक्षितता व वेग ही कारणे दिली.

एकंदरीत जाहिरातरोधक हे गाळण्यासारखे साधन आहे. गाळण्यामुळे पाणी स्वच्छ होते. परंतु गाळणेच मळके असेल तर उलटा अपाय होतो, आणि विहिरीची डागडुजी कोणी केलीच नाही तर गाळावयास पाणीही उरत नाही. म्हणून सुज्ञ मनुष्याने तीन गोष्टी पाळाव्यात. रोधक घेताना नुसत्या नावावर न जाता तो कोणी केला, सांप्रत कोणाच्या हाती आहे, हे पाहावे, आणि कर्त्याने स्वतः दिलेल्या दुव्यावरूनच तो घ्यावा. काम अडले तर संपूर्ण रोधक न काढता त्या स्थळापुरताच थांबवावा. आणि जे स्थळ नित्य वाचनात आहे, जे सभ्यपणे जाहिरात दाखविते, त्यास मोकळीक द्यावी, किंवा ऐपत असल्यास त्याची वर्गणी भरावी. दार कोणास उघडावे हा अधिकार वाचकाचा आहे खरा. परंतु दाराबाहेर उभा असलेला प्रत्येकजण चोर नसतो, एवढे त्याने ध्यानी ठेवावे.