‘जंपर’: उडी मोठी, पण पटकथा तोकडी

डग लायमन दिग्दर्शित ‘जंपर’ 2008च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. समीक्षकांनी तो जवळजवळ एकमताने झोडपला, तरी जगभरात त्याने 20 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

नायक डेव्हिड क्षणात कुठेही पोहोचतो: बँकेच्या तिजोरीत, स्फिंक्सच्या माथ्यावर. रोमच्या कलोसियममधलं चित्रीकरण तर प्रत्यक्ष त्याच वास्तूत झालं, आणि तो अस्सलपणा पडद्यावर जाणवतो. जेमी बेलने साकारलेला दुसरा जंपर, ग्रिफिन, अनेकांना नायकापेक्षा जास्त आवडला. ते योग्यच आहे!

खटकते ती पटकथा. स्टीव्हन गूल्डच्या 1992च्या मूळ कादंबरीत डेव्हिडसारख्या जंपरांची शिकार करणारे पॅलाडिन नाहीतच. चित्रपटात ते डेव्हिडचा पाठलाग करतात, पण त्यांचा द्वेष नीट उलगडत नाही.

याच कादंबरीमालिकेवरून 2018मध्ये ‘इम्पल्स’ मालिका आली. ती जरूर पाहावी.