तिजोरीचे दार कोणी लावले?

मी मराठीचा मास्तर. अमेरिकन कादंबरीशी माझी गाठ पडली ती तौलनिक साहित्याचा तास गळ्यात पडल्यामुळे. गेल्या वर्षी थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' (१९००) शिकवत होतो. नेहमीच्या सवयीने फळ्यावर लिहिले, 'स्वभावातून संविधानक घडते', आणि वळतो न वळतो तोच मागल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "पण सर, हर्स्टवुडने ते पैसे चोरलेच नाहीत! मग त्याच्या स्वभावातून काय घडले?"

तासाची घंटा झाली म्हणून मी बचावलो. पण प्रश्न काही सुटला नाही.

ज्यांनी ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. १८८९ सालच्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची कॅरी मीबर विस्कॉन्सिनमधल्या आपल्या गावाहून आगगाडीने शिकागोला निघते. जवळ अवघे चार डॉलर. बुटांच्या कारखान्यात आठवड्याला साडेचार डॉलरचे काम मिळते, त्यातले चार बहिणीच्या घरी राहण्या-जेवण्यासाठी जातात. आजारपणात तेही काम सुटते. अशा वेळी गाडीत ओळख झालेला ड्रूए नावाचा फिरता विक्रेता तिच्या हातात दहा-दहाच्या दोन नोटा ठेवतो. पुढचे वाचकांनी ओळखलेच असेल. ओळखता येत नाही ते एवढेच की, या मुलीला लेखक कसलीही शिक्षा देत नाही. ती नटी होते, नाव कमावते. प्रकाशकाला हेच झोंबले. फ्रँक नॉरिस या कादंबरीकाराने शिफारस केली म्हणून पुस्तक स्वीकारले गेले खरे, पण पुढे मालकाचे मन फिरले. पुस्तक कसेबसे छापले आणि प्रती खपल्या ४५६!

आता तो हर्स्टवुड. शिकागोतल्या एका श्रीमंती मद्यगृहाचा व्यवस्थापक; कपड्यालत्त्याने झकपक, चार प्रतिष्ठितांत ऊठबस, घरी मात्र बायकोशी धुमसते वैर. कॅरीवर त्याचे मन जडले आहे. एका रात्री दुकान बंद करताना त्याला दिसते की, तिजोरीला कुलूप लावायचे राहिले आहे. आत दहा हजारांहून अधिक डॉलर. तो नोटा बाहेर काढतो. परत ठेवतो. पुन्हा काढून पिशवीत भरतो. भीती वाटते, पुन्हा तिजोरीत ठेवतो; तर रकमा चुकीच्या खणांत गेल्याचे लक्षात येते. त्या नीट लावाव्यात म्हणून परत काढतो, आणि पैसे हातात असतानाच तिजोरीचे कुलूप खट्कन लागते.

लावले कोणी? त्याच्या हाताचा धक्का लागला की दार आपोआप मिटले? ड्रायझर सांगत नाही. मौज अशी की, हा प्रसंग त्याला घरातच सापडला होता. त्याची सख्खी बहीण १८८६ साली अशाच एका माणसाबरोबर पळून गेली होती, आणि त्या माणसाने शिकागोतल्या आपल्या मालकाचे पैसे खरोखर उचलले होते. भावाने कादंबरी लिहिताना सरळ चोरी काढली आणि तिच्या जागी कुलपाचा तो आवाज घातला. सारी कादंबरी त्या आवाजावर टांगलेली आहे.

आपल्याकडे फडक्यांच्या 'प्रतिभासाधना'पासून (१९३१) कादंबरीच्या तंत्राची पुष्कळ चर्चा झाली. तीतून माझ्यासारख्या मास्तरांच्या हाती एक सोयीचे सूत्र उरले: माणूस जसा, तसे त्याचे कथानक. परीक्षेला ते फार उपयोगी पडते. ड्रायझरसमोर ते लंगडे पडते.

पंचवीस वर्षांनी 'अ‍ॅन अमेरिकन ट्रॅजेडी'त (१९२५) त्याने हीच गाठ पुन्हा बांधली, आणि या वेळी दावणीला थेट माणसाचा जीव. याही कथेमागे खरी घटना आहे. ११ जुलै १९०६ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बिग मूस सरोवरात ग्रेस ब्राउन ही कारखान्यात काम करणारी गरोदर तरुणी बुडाली. तिच्याबरोबरच्या चेस्टर जिलेटने टेनिसच्या रॅकेटने तिला मारले असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. १९०८ साली त्याला विजेच्या खुर्चीवर बसवण्यात आले. कादंबरीतला क्लाइड ग्रिफिथ्स मात्र रॉबर्टाला मारण्याच्या बेताने सरोवरावर येतो आणि ऐन वेळी गळाठतो. ती त्याच्याकडे सरकते, तो तिला दूर सारू पाहतो, हातातला कॅमेरा तिच्या तोंडावर आदळतो, होडी कलंडते. ती मदतीसाठी हाका मारते. तो पोहत काठाला जातो.

मला वाटते, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. कॅमेरा आदळला तो कदाचित अपघात. पण किनाऱ्याकडे जाणारे हात क्लाइडचेच होते. कुलूप लागले तेही दैवाने असेल. पण हर्स्टवुडने मालकाला निरोप धाडला नाही. त्याने स्टेशनला टेलिफोन करून गाड्यांची चौकशी केली, आणि ड्रूए जखमी झाला अशी थाप मारून कॅरीला गाडीत बसवले. प्रसंग घडवतो कोण, याबद्दल ड्रायझर साशंक आहे; प्रसंगानंतर माणूस काय करतो, याबद्दल मुळीच नाही.

ईडिथ व्हॉर्टन ही बाई तर न्यूयॉर्कच्या पिढीजात श्रीमंतांतली. ड्रायझरच्या गरिबीशी तिचा सुतराम संबंध नाही. तिच्या 'द हाउस ऑफ मर्थ'मधली (१९०५) लिली बार्ट शत्रूची पत्रे हातात असून ती जाळते आणि वारशात मिळालेल्या पैशातून कर्जाची पै न पै फेडायला निघते. हा तिचा स्वभाव, यात शंका नाही. पण त्याच रात्री झोपेच्या औषधाचा थेंब जास्त पडतो तो चुकून की जाणून? इथेही दार कोणी लावले ते कळत नाही.

हर्स्टवुडचा शेवट वाचताना माझ्या मनात मात्र दुसरेच काही येत होते. तो मॉन्ट्रियलहून बहुतेक पैसे परत पाठवतो, तेराशे तेवढे ठेवून घेतो. पुढे न्यूयॉर्क, धंद्यातली बूड, डुलत्या खुर्चीत दिवसभर वर्तमानपत्र, कॅरी निघून जाताना मागे ठेवते ते वीस डॉलर, भीक, आणि पंधरा सेंटच्या खोलीत गॅसची तोटी. लहानपणी आमच्या गल्लीत एक कारकून होते. कचेरीच्या हिशेबात तूट आली, ती त्यांनी भरून दिली, तरी गावाने त्यांना चोरच म्हटले. मीही म्हटले. त्यांच्या दारावरून जाताना आम्ही पोरे खिसा घट्ट धरायचो. त्यांनी पैसे घेतले होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या तासाला मी हे सारे वर्गात सांगितले. गल्लीतल्या कारकुनाची गोष्ट तेवढी गाळली. मुलीने नीट ऐकून घेतले आणि वही उघडली.

"सर, मग परीक्षेत 'चोर' लिहू, की नको?"

मी म्हटले, "आधी त्याने पैसे किती वेळा परत ठेवले ते लिही."