राहून गेलेली बशी

१३ एप्रिल १९८२. ईस्टरची सुट्टी संपून रॉयल पर्थ हॉस्पिटलची प्रयोगशाळा पुन्हा सुरू झाली होती. उबवणपेटीतून एक पेट्री डिश बाहेर आली. तिच्यावर पाण्याचे बारीक तुषार उडावेत तसे पारदर्शक ठिपके होते. त्याआधी तीसहून अधिक रुग्णांच्या जठराचे नमुने अशाच बशांमध्ये ठेवून झाले होते. शिरस्त्याप्रमाणे दोन दिवस वाट पाहायची, काही उगवलं नाही की बशी टाकून द्यायची. ही बशी मात्र सुट्टीमुळे पाच दिवस तशीच राहून गेली. दोन दिवसांत जे दिसत नव्हतं, ते पाच दिवसांत उगवलं होतं.

या ठिपक्यांची वाट सर्वांत जास्त पाहिली होती ती पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांनी. ११ जून १९७९ रोजी, बेचाळिसाव्या वाढदिवशी, जठराचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना त्यांना अस्तरावर एक निळसर रेघ दिसली. चांदीच्या क्षारांनी तुकडा रंगवताच ती रेघ फुटली आणि अस्तराला बिलगलेले असंख्य वाकडे जीवाणू काळेभोर उठून दिसले. सहकाऱ्यांचा विश्वास बसेना. जठरातल्या तीव्र आम्लात जीव तग धरणार कसा? वॉरन पुढची दोन वर्षं जवळजवळ एकटेच नमुने गोळा करत राहिले.

१९८१ मध्ये तिशीच्या उंबरठ्यावरचे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. दोघांनी शंभर रुग्णांची दुर्बिणीतून तपासणी ठरवली. निकाल हाती आला तेव्हा लहान आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे ड्युओडेनममध्ये, अल्सर असलेल्या १३ जणांपैकी तेराही जणांच्या जठरात तो जीवाणू होता.

हा आकडा किती धक्कादायक होता, हे कळायला त्या काळची समजूत ध्यानात घ्यावी लागते. १९१० पासून वैद्यक एका सूत्रावर चालत होतं: आम्ल नाही, तर अल्सर नाही. छातीत जळजळ झाली तरी दोष आम्लाचा, जठराला व्रण पडला तरी दोष आम्लाचाच. आपणही घरात दोन्हींना एकच नाव देतो: पित्त झालं.

पण हे दोन वेगळे रोग आहेत. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल उलटं वर चढतं. भरपेट जेवून आडवं झालं, खाली वाकलं, की छातीच्या हाडामागे आग होते आणि घशाशी आंबट येतं. हा ॲसिड रिफ्लक्स. १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. ॲशर विंकेलस्टाइन यांनी अन्ननलिकेच्या या दाहाकडे लक्ष वेधलं होतं. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तराला पडलेली जखम. तिचं दुखणं बेंबीच्या वर, कुरतडल्यासारखं. ड्युओडेनमचा अल्सर बहुधा रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री छळतो आणि चार घास खाल्ले की निवतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळीने दोन्हींत आराम पडतो, म्हणून तर दोन्हींची गल्लत होते. मात्र गोळी बंद झाली की अल्सर पुन्हा डोकं वर काढायचा, आणि काही रुग्णांची वाट शेवटी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जायची.

मार्शल यांना हे पाहवत नव्हतं. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने त्यांचा निबंध नाकारला. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना जीवाणूची लागण होत नव्हती. १९८४ मध्ये त्यांनी आधी स्वतःचं जठर दुर्बिणीतून तपासून घेतलं. ते निरोगी होतं. मग एका रुग्णाच्या जठरातून वाढवलेल्या जीवाणूंचं गढूळ पाणी ते एका दमात प्यायले. घरी आधी सांगितलं नव्हतं. थोड्याच दिवसांत मळमळ सुरू झाली, श्वासाला दुर्गंधी आली, सकाळी उलट्या होऊ लागल्या. उलटीत आम्ल नव्हतं. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा अस्तराला दाह झालेला होता आणि त्यावर तेच वाकडे जीवाणू होते. प्रतिजैविकं घेऊन ते बरे झाले.

त्यांना अल्सर झाला नव्हता, जठरदाह झाला होता. अल्सरचा पुरावा रुग्णांनी दिला. जीवाणू पूर्ण नष्ट केला तर ड्युओडेनमचा अल्सर सहसा परतत नाही, हे त्यांच्या १९८८ च्या चाचणीत दिसलं. जीवाणूला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो, म्हणून तिथे जगतो. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

रिफ्लक्समध्ये झडप ढिली असते. तिथे प्रतिजैविकांचा उपयोग नाही. अल्सरमागे बहुतेक वेळा हा जीवाणू असतो, नाहीतर वेदनाशामक गोळ्यांचा मारा. लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून अंदाजावर राहू नये. काळी डांबरासारखी शौचाला झाली, रक्ताची उलटी झाली किंवा वजन उतरू लागलं, तर लगेच डॉक्टर गाठावा. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत असेल, तर आधी हृदयाचा विचार करावा.

आणि महिनोन्‌महिने रोज सकाळी पित्ताची गोळी घेणारं कुणी घरात असेल, तर त्यांना एवढं विचारा: दुखतं ते जेवून आडवं झाल्यावर, की रिकाम्या पोटी? मग त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. जीवाणू आहे की नाही, हे आता श्वासाच्या साध्या चाचणीतूनही कळतं.